पाटल्यांची पेटी

सरकारी नोकराच्या घरातील सामानाचे तीन वर्ग पाडता येतात. बदलीचा हुकूम हाती पडताच जे प्रथम बांधले जाते ते पहिल्या वर्गातले. ट्रकमध्ये जागा उरली तर जे चढते ते दुसऱ्यातले. आणि ज्याचे काय करावे हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे जे वर्षानुवर्षे निमूटपणे आपल्याबरोबर हिंडत राहते ते तिसऱ्यातले. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी तीनचार प्रांतांचे पाणी चाखलेले असल्यामुळे या तिसऱ्या वर्गाचा परिचय त्यांना नव्याने करून देण्याचे कारण नाही. कोणाकडे वडिलांचे बंद पडलेले घड्याळ असते, कोणाकडे आजीचे जाते. आमच्याकडे काळ्या रेक्झिनने मढवलेले दोन डाग होते. नागपूर, ग्वाल्हेर, रांची असा प्रवास करून तीन वर्षांपूर्वी ते आमच्याबरोबर जयपुरास आले आणि नेहमीप्रमाणे माळ्यावर जाऊन बसले.

आमच्या घरात या सामानाला ‘पाटल्यांची पेटी’ असे नाव होते. ते कोणी ठेवले हे सांगता येत नाही. परंतु काकूसमोर ते कोणी उच्चारीत नसे, एवढे आम्हांस लहानपणापासून ठाऊक होते.

आमचे थोरले काका गिरगावात राहत, दिवसा कारकुनी करीत आणि संध्याकाळी पेटी वाजवीत. पेटीवाल्यांना ते दिवस मानाचे नव्हते. नभोवाणीवर १९४० सालापासून पेटीला मज्जाव झाला होता आणि तो १९७१ सालापर्यंत उठला नाही. मिंडेला न मानवणाऱ्या या परक्या वाद्याने कंठसंगीत बिघडते, असा आक्षेप होता. काका त्यावर वाद घालीत नसत. मान हलवीत आणि वाजवीत. अशातच १९५४ साली ‘नागिन’ हा चित्रपट आला आणि त्यातल्या पुंगीने अवघ्या देशाला वेड लावले. चित्रपटाचे संगीत हेमंतकुमारांचे. पण काकांना लवकरच समजले, की जी पुंगी ऐकून लोक डोलत आहेत, ती पुंगीच नव्हे! गिरगावातच वाढलेल्या, कच्छी वाणसामानवाल्याच्या घरच्या कल्याणजी वीरजी शहा या तरुणाने ती ‘क्लॅव्हिओलीन’ नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती, आणि तिला साथ होती ती रवि यांच्या पेटीची. पुढे दोघेही मोठे संगीतकार झाले. काकांना यातली मौज अशी वाटली, की ज्या पट्ट्यांवर मींड निघत नाही म्हणून त्यांना हिणवले जाई, त्या पट्ट्यांतूनच सापाची पुंगी निघाली होती.

१९५६ साली परदेशी परतणाऱ्या एका वादकाकडून काकांनी असले एक वाद्य विकत घेतले. काकूचे लग्न होऊन वर्ष झाले होते. तिचे वय एकोणीस. माहेरच्या दोन पाटल्या त्या व्यवहारात गेल्या. त्या तिने दिल्या, की काकांनी घेतल्या, याविषयी घरात दोन मते होती. काकांनी पुढली पंधराएक वर्षे गणेशोत्सवांत आणि लग्नकार्यांत ते वाद्य वाजवले. मग ट्रान्झिस्टरची हलकी वाद्ये आली, याचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि एके दिवशी पेटीचे झाकण लागले ते लागलेच. १९८९ साली काका वारले. त्यांना मूलबाळ नव्हते. काकू आमच्याकडे आली. तिच्यामागून हे दोन डाग आले.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या सौभाग्यवतींनी माळ्याखाली उभे राहून नेहमीचा प्रश्न विचारला, “यांचं काय करायचं ठरवलंय तुम्ही?” आम्ही नेहमीचे उत्तर देणार, तोच आतल्या खोलीतून काकू म्हणाली, “एकदा वाजवून बघ रे. मग दे कुठे द्यायची ती.” पस्तीस वर्षांत काकूने आमच्यापाशी काही मागितल्याचे आम्हांस आठवत नाही. त्यातून तिचे वय अठ्ठ्याऐंशी. एक कान पूर्वीच गेलेला आणि दुसऱ्याचा भरवसा फार दिवस धरू नये, असे डॉक्टरांनी नुकतेच सांगितलेले. तेव्हा हे काम यथावकाश करण्याचे नव्हते.

जयपूर हे नाव मराठी माणसाच्या कानांवर प्रथम पडते ते गाण्यामुळे. उणियाऱ्यात जन्मलेले अल्लादियाखाँसाहेब शाहूमहाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरास राहिले आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांतून जयपूरची गायकी आपल्या घरची झाली. इकडून तिकडे गाणे गेले आणि तिकडून इकडे आम्ही कारकून मंडळी आलो. देवघेवीच्या या हिशेबात तोटा कोणाचा झाला, हे सांगण्यास हिशेबनिसाची गरज नाही. पण आम्हांला हवा होता जुन्या रेडिओचा जाणकार. तो चौकशीअंती किशनपोल बाजाराच्या एका गल्लीत सापडला. सत्तरी ओलांडलेले मिस्त्रीजी, जेमतेम एक खाट मावेल एवढे दुकान आणि भिंतीवर छतापर्यंत रचलेले लाकडी रेडिओ.

डाग उघडताच आम्ही वायर शोधू लागलो. मिस्त्रीजींनी आमचा हात धरला. “बाबूजी, पहले दिन बिजली नहीं. पहले दिन सिर्फ दर्शन.”

या दर्शनात आम्हांला त्या वाद्याची जी रचना समजली ती सांगण्याजोगी आहे. क्लॅव्हिओलीनची कल्पना कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच गृहस्थाची. व्हर्सायच्या आपल्या कारखान्यात त्याने १९४७ साली ती सिद्धीस नेली, आणि पुढे इंग्लंड, जर्मनी, अमेरिका येथील कारखान्यांतूनही हे वाद्य तयार होऊ लागले. एका डागात तीन सप्तकांच्या पट्ट्या, दुसऱ्यात आवाज वाढवणारे यंत्र आणि कर्णा. पट्ट्यांखाली समोरच्या अंगास लहान कळांची एक रांग. त्या वरखाली केल्या की आवाजाचा पोत पालटतो आणि सुराला कंप देता येतो. खाली एक दांडी असते. ती गुडघ्याने ढकलून आवाज लहानमोठा करावयाचा. म्हणजे वाजवणाऱ्याचे हात मोकळे.

पण आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. पियानोत जितक्या पट्ट्या त्याहून कितीतरी अधिक तारा असतात. आमच्या पेटीत पट्टीगणिक निदान एक पितळी पत्ती असते. या वाद्यात मात्र सर्व पट्ट्यांना मिळून आवाज एकच. काचेच्या निर्वात नळीत, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये, तापलेल्या धातूतून विजेचे कण सुटतात. त्यांची वाट सेकंदास शेकडो वेळा अडवायची आणि मोकळी करायची, हा या यंत्राचा सारा उद्योग. कोणती पट्टी दाबली यावर त्या उघडझापीचा वेग ठरतो, आणि तोच सूर. साहजिकच एका वेळी एकच सूर निघतो. दोन पट्ट्या दाबल्या तरी स्वरमेळ होत नाही. युरोपीय संगीताला हे व्यंग वाटावे यात नवल नाही, म्हणून तिकडे हे वाद्य पियानोच्या काठाखाली अडकवून जोडीला वाजवीत. आपल्या संगीतात एका वेळी एकच सूर पुरतो. त्यांचे व्यंग ते आपले वळण, असा प्रकार झाला. तिकडेही नंतर त्याचे दिवस आले: १९६२ साली गाजलेल्या ‘टेलस्टार’ या धुनेत आणि १९६७ साली बीटल्सच्या एका गाण्यात हाच आवाज आहे.

त्या उघडझापीमुळे निघणारा तरंग गोलाईचा नसतो, कंगोरेदार असतो. शिवाय कर्ण्याचे यंत्र त्याला मुद्दाम आणखी खरवडते. पुंगीचा आवाजही असाच खरवडलेला. भोपळ्यात मेणाने बसवलेल्या दोन वेळूच्या नळ्या, प्रत्येकीत थरथरणारी पत्ती. एक नळी धून वाजवते, दुसरी अखंड आधार देते. फ्रान्समधल्या काचेच्या नळीचा आणि राजस्थानातल्या भोपळ्याचा सूर असा जुळला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीजींनी वीज जोडली, पण मध्ये शंभर वॅटचा एक दिवा ओवून. यंत्रात कोठे आडवाट झाली असेल, तर सारी वीज दिव्यात प्रकट होते आणि यंत्र वाचते. दिवा लख्ख पेटला. वीज गाळणारे मोठे कंडेन्सर सुकून गेले होते. आदल्या दिवशी आम्ही घाई केली असती, तर जाळून घेण्यासारखा ट्रान्सफॉर्मर जागेवरच होता. मेणकागदाच्या लहान कंडेन्सरांतून मेण ओघळून खाली गोठले होते. ते सगळे बदलावे लागले. मिस्त्रीजींनी मात्र जुन्या नळकांड्या फेकल्या नाहीत. त्या गरम करून आतला गाभा काढला, नव्या जमान्याचा करंगळीच्या पेराएवढा कंडेन्सर त्यात बसवला आणि तोंडे पुन्हा मेणाने बंद केली. कशासाठी, असे आम्ही विचारले. “खोलने वाला पहचाने तो सही, किसके घर आया है,” ते म्हणाले.

व्हॉल्व्हांपैकी एकाच्या काचेवरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडला होता. आत हवा शिरल्याची ती खूण; असा व्हॉल्व्ह तपासण्याचीही गरज नसते. त्याच क्रमांकाचा दुसरा त्यांनी खाटेखालच्या पेटाऱ्यातून काढला, तो बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा निघाला. पुठ्ठ्याच्या खोक्यात पन्नास वर्षे कोरा राहिलेला. कर्ण्याचा कागद फाटला होता. त्याला सांगानेरच्या हातकागदाची पातळ चकती चिकटवली. पट्ट्यांखालचे संपर्क एकेक करून घासले. मधल्या सप्तकातल्या एका पट्टीपाशी मिस्त्रीजी थबकले. पट्टीच्या कडेला बारीकशी खोच होती आणि तिच्या पोटातली संपर्काची तार वाकलेली. ही पट्टी दाबली की तार आधी क्षणभर थरथरे आणि मग टेके.

“यह घिसाई नहीं है, चोट है,” ते म्हणाले. “इसे भी सीधा कर दूँ?”

आम्ही म्हणालो, “अर्थात!” तीस वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबांतल्या विसंगती शोधण्यात घालवलेला मनुष्य याहून दुसरे काय म्हणणार?

सूर मिळवण्यास तीन संध्याकाळी लागल्या. व्हॉल्व्ह तापेपर्यंत सूर चढतउतरत राहतो, म्हणून अर्धा तास नुसते बसून राहावे, मग कामास लागावे. आम्ही मोबाईलवरच्या सूरमापकाचा काटा पाहत होतो. मिस्त्रीजी डोळे मिटून ऐकत होते. अखेर छत्तीसही पट्ट्यांवर काटा मध्यावर आला, तेव्हा वार्षिक ताळेबंद जुळल्याचे समाधान आम्हांस वाटले.

त्या संध्याकाळी दुकानासमोरून एक वृद्ध कालबेलिया जात होते. झोळीत पुंगी होती, टोपली नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप बाळगण्यास बंदी आली आणि या लोकांचा पिढीजात धंदा बुडाला. २०१० साली त्यांच्या गाण्यानाचण्याला युनेस्कोच्या यादीत मानाचे स्थान मिळाले. पण हवामहालासमोर प्रवाशांची वाट पाहत बसणाऱ्या वृद्धाला त्या यादीचा उपयोग किती, कोण जाणे. मिस्त्रीजींनी त्यांना हाक मारून आत बसवले आणि ती सुप्रसिद्ध धून वाजवली. वृद्ध गृहस्थ शांतपणे ऐकत होते. मग ते म्हणाले, “साँस नहीं टूटती, यह तो ठीक है. हमें सीखने में बरसों लगते हैं.” नाकाने श्वास घेताघेताच गालांतली हवा फुंकीत राहायची, ही त्यांची विद्या, यंत्राला श्वासच नाही, तर तो तुटणार कोठून? थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “पर बीन पहले खखारती है, फिर बोलती है. यह सीधे बोल देता है.”

आम्ही ते हसण्यावारी नेले. माणसाचे पोट ज्याने मारले, त्या यंत्राविषयी तो आणखी काय बोलणार, असा एक क्षुद्र विचारही मनात येऊन गेला. आज त्याची लाज वाटते.

रविवारी सकाळी वाद्य घरी आणले. येथल्या मंडळातील दोनचार मराठी कुटुंबे आली होती. पोह्यांचा बेत होता. काकूला तिच्या चांगल्या कानाच्या बाजूने कर्ण्याजवळ बसवले. मंडळातला एक तरुण पेटी उत्तम वाजवतो. त्याने काकांच्या आवडीची धून वाजवली. घरात ज्यांनी हा आवाज कधी ऐकला नव्हता, तेही स्तब्ध झाले. संपल्यावर सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि काकूकडे पाहिले.

“छान वाजतंय,” काकू म्हणाली. “पण ही आपली नव्हे.”

आम्ही तिला समजावू लागलो. पेटी तीच आहे, लाकूड तेच, पट्ट्या त्याच. आतले चारदोन भाग तेवढे बदलले. तिने ऐकून घेतले. मग ती उठली, पट्ट्यांपाशी गेली आणि एक बोट नेमके मधल्या सप्तकाच्या गंधारावर ठेवले. त्या खोचेवरून बोट फिरवून तिने पट्टी दाबली. स्वच्छ, गोल, निर्दोष सूर निघाला.

“इथे खरखर होती,” ती म्हणाली. “ती माझी आहे.”

मग जे आम्हांला समजले, ते इतक्या वर्षांत घरात कोणालाच ठाऊक नव्हते. पेटी घरी आली त्या आठवड्यात एके रात्री, काका वाजवीत बसले असता, तिने स्वयंपाकघरातून येऊन हातातले लाटणे पट्ट्यांवर मारले होते. एकच तडाखा. काका काही बोलले नाहीत. पट्टी तुटली नाही, पण त्या दिवसापासून गंधार लागण्यापूर्वी क्षणभर खरखर होऊ लागली. दुरुस्त करून घ्या, असे तिने पुढे अनेकदा सांगितले. काकांनी ते मनावर घेतले नाही. उलट पुंगी वाजवताना ते मुद्दाम त्या गंधारावर येऊन थांबू लागले. लोकांना वाटे, पुंगीचा हा खर्ज त्यांनी कोठून आणला! घरी परतल्यावर काका तिला सांगत, “आज तुझ्या गंधाराला टाळी पडली.”

“पाटल्यांचं दुःख मला चार वर्षं होतं,” काकू म्हणाली. “मग गेलं. तुम्ही लोक मात्र साठ वर्षं तेच धरून बसलात.”

खोलीत कोणी काही बोलले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी पोह्यांच्या बशा उचलण्यास प्रारंभ केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाद्य पुन्हा किशनपोलला नेले. सरळ केलेली तार वाकडी करून हवी आहे, हे सांगताना आमची जीभ अडखळली. मिस्त्रीजी यत्किंचितही चकित झाले नाहीत. त्यांनी चिमटा घेतला, तार किंचित वाकवली, पट्टी दाबून पाहिली, आणखी केसभर वाकवली. खरखर फार झाली. ती त्यांनी कमी केली. एका दोषासाठी त्यांनी जितका वेळ घेतला, तितका कोणत्याही दुरुस्तीसाठी घेतला नव्हता. पैसे विचारले, तेव्हा म्हणाले, “बिगाड़ने के पैसे नहीं लेता.” कालबेलिया गृहस्थांना ऐकवावे म्हणून आम्ही दोन दिवस हवामहालाकडे चक्कर मारली. ते भेटले नाहीत.

घरी आल्यावर काकूने तो गंधार चारपाच वेळा दाबून पाहिला. “थोडी जास्त होती,” ती म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, “असू दे. मीही आता तेवढी रागावलेली नाही.”

आमच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत. एक बदली अजून नशिबी असावी. पेटी आता पहिल्या वर्गाच्या सामानात जमा झाली आहे. आमच्यामागे ती कोणाच्या हाती जाईल, आणि तो कोणत्या शहरातल्या कोणत्या कारागिराकडे तिला नेईल, हे आज सांगता येत नाही. तो कारागीर जर मन लावून काम करणारा असेल, तर वाकलेली तार त्याच्या नजरेतून सुटणार नाही, आणि मालक आमच्यासारखाच व्यवस्थित असेल, तर तोही “अर्थात” असेच म्हणेल. यासाठी आम्ही आमच्या खात्याच्या रिवाजास धरून एक शेरा लिहिला आहे. मराठीत आणि हिंदीत, शाईने, तारीख घालून तो पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवला आहे:

‘मधल्या सप्तकातील गंधाराची तार मुद्दाम वाकडी ठेवलेली आहे. ती सरळ करू नये.’

खाली सही काकूची आहे.